चिवड्याची हद्द

आरतीचं तबक फिरत होतं. दिवाणखान्यात पंचवीसेक माणसं दाटीवाटीने उभी होती आणि उशिरा आलेल्या कुणीतरी पुढचं दार नीट लोटलं नव्हतं. आमचा कुत्रा चिवडा त्या फटीतून कधी सटकला ते कुणालाच कळलं नाही. कळलं ते रस्त्यावरच्या ब्रेकच्या आवाजाने. मी ताम्हन तिथेच ठेवून अनवाणी बाहेर धावले. तो गाडीच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर बसला होता, कान पाडून. गाडीतली बाई स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती.

आम्ही अमेरिकेत, ओहायोत, कोलंबसच्या उत्तरेला पॉवेलमध्ये राहतो. चिवडा शेल्टरमधून आणलेला. कागदावर ‘बीगल मिक्स’ लिहिलं होतं, पण मिक्समध्ये काय काय ते लिहिलेलं नव्हतं. “सगळंच थोडं थोडं आहे ना, मग चिवडा,” असं म्हणून आमच्या सईने बारसं उरकलं. बीगलचा वाटा मात्र नाकात पुरेपूर उतरलाय. वास लागला की कान बंद होतात. मग चिवड्या म्हणा, राजा म्हणा, काहीही म्हणा.

गणपती बुडाले आणि मी कुंपणाच्या मागे लागले. आमच्या वसाहतीत एचओएचं, म्हणजे घरमालकांच्या संघटनेचं, राज्य आहे. घरासमोर कुंपण चालत नाही. मागे चालतं, पण चार फुटांपेक्षा उंच नको, लाकडी नको, आणि आधी नकाशासकट अर्ज. अर्ज केला. समितीची बैठक दोन महिन्यांनी. तोवर काय करायचं, तर शेजारच्या घरात गोल्डन रिट्रिव्हर आहे, तो दिवसभर मोकळा असतो आणि हिरवळीच्या कडेशी येऊन खांबासारखा थांबतो. कुंपण दिसत नाही. शेजारीण म्हणाली, जमिनीत वायर आहे.

मला ही गोष्ट ऐकून माहीत होती, पण नीट वाचली तेव्हा कळलं की ती बरीच जुनी आहे. रिचर्ड पेक नावाच्या एका अमेरिकन माणसाने १९७३ साली तिचं पेटंट घेतलं. गॅरेजमध्ये एक डबा असतो, तो वायरमधून हलकासा रेडिओ सिग्नल सोडतो. वायर अंगणाभोवती फिरून पुन्हा डब्यात येते. कुत्र्याच्या पट्ट्यावर रिसीव्हर असतो. वायरच्या जवळ गेलं की आधी बीप वाजतो, तरी पुढे गेलं तर पट्ट्याच्या दोन खिळ्यांतून मानेला झटका बसतो.

हे कऱ्हाडला मामाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “म्हणजे झटका मशीनच की.” मामाच्या मक्यात रानडुकरं घुसतात, म्हणून त्याने शेताला सोलरचं झटका मशीन लावलंय. त्याला समजावताना मलाच फरक नीट उमगला. त्याच्या शेतात तारेत करंट असतो, जो शिवेल त्याला बसतो. डुक्कर असो, शेजाऱ्याची म्हैस असो, की मामा स्वतः. माझी वायर धरून बसलात तरी काही होणार नाही. झटका कुत्र्याच्या गळ्यात बांधलेला, वायर फक्त तो कधी सोडायचा ते सांगते.

आई तेव्हा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि भाजी निवडत म्हणाली, “लक्ष्मणाने रेषा काढली ती बाहेरच्याने आत येऊ नये म्हणून. सीता तर सहज ओलांडून गेली. तुझी रेषा उलटी आहे बघ. आतल्याला अडवणार आणि बाहेरचा खुशाल येणार.” मी हसण्यावारी नेलं.

कंपनीकडून बसवून घ्यायचं तर दीड हजार डॉलरच्या पुढे अंदाज आला. स्वतः बसवायचा संच तीनशेच्या आत होता. त्यात ५०० फूट वायर, ५० पांढऱ्या झेंड्या, डबा, पट्टा आणि एक छोटा टेस्ट दिवा. नवरा सोमवार ते गुरुवार दुसऱ्या राज्यात असतो, त्यामुळे कामगार म्हणजे मी, आई आणि शाळा सुटल्यावर सई.

खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा असतो. २००७ पासून अख्ख्या देशाला हा एकच नंबर आहे. ओहायोत कामाचे दोन दिवस आधी कळवावं लागतं. पैसे पडत नाहीत. माणसं येऊन जमिनीखालून कुठली लाइन कुठून जाते ते दाखवायला रंग मारून जातात. पिवळा गॅसचा, लाल विजेचा, नारिंगी टेलिफोन-इंटरनेटचा, निळा पाण्याचा. दोन दिवसांत आमच्या हिरवळीवर रंगपंचमी झाली. त्याचा दुहेरी उपयोग असतो. एक तर गॅसची लाइन फुटत नाही, आणि दुसरं म्हणजे आपली वायर विजेच्या केबलला समांतर गेली की सिग्नल भलतीकडे पसरतो, म्हणून जिथे ओलांडायची तिथे काटकोनात ओलांडता येते. शेजारणीच्या कुत्र्याची वायर कुठून जाते ते तिला विचारून घेतलं आणि तिच्यापासून दहा फूट आत सरकलो, नाहीतर दोन्ही डबे एकमेकांत बोलायला लागतात. ८११ वाले फक्त कंपन्यांच्या लाइन दाखवतात. आधीच्या मालकाने बागेतल्या दिव्यांसाठी टाकलेली वायर त्यांच्या हिशोबात नव्हती. ती मी पहिल्याच तासात तोडली.

खणणं म्हणजे खरं तर खणणं नाहीच. चपटं फावडं सरळ उभं रोवायचं, पुढे-मागे हलवून चीर पाडायची, त्यात दोन इंच खाली वायर दाबायची आणि पायाने चीर मिटवायची. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडची माती चिकण, त्यात सप्टेंबरात पाऊस नाही. पहिल्या दिवशी साठ फूट झालं आणि मनगटं गेली. दुसऱ्या दिवशी आदल्या रात्री पाणी सोडून ठेवायची अक्कल आली. आई मागून रीळ सोडत यायची, नऊवारी नव्हे, माझी जुनी ट्रॅकपँट आणि वर डोक्याला रुमाल. कोपऱ्यावर वायर काटकोनात वळवली तर तिथे सिग्नल नीट राहत नाही, म्हणून गोलाई द्यायची. आईने त्यासाठी घरातून मोठी परात आणली. परातीच्या कडेने चारही कोपरे काढले.

डब्यापासून अंगणाच्या कडेपर्यंतची वायर मात्र मुकी हवी. ती तशीच साधी टाकली तर गॅरेजच्या दारातच कुत्र्याला झटका. तर तिथे जाणारी आणि येणारी अशा दोन वायरी एकमेकींना पीळ घालून टाकतात. प्रवाह एकीतून जातो, दुसरीतून उलटा येतो आणि दोघींचा परिणाम एकमेकांत पुसला जातो. फुटाला दहा-बारा पीळ हवेत. मी ड्रिलच्या तोंडात टोकं अडकवून फिरवायची तयारी करत होते, तेवढ्यात आईने मांडीवर घासून चार फूट वळूनही टाकले. “दोर वळायचाय ना? त्याला मशीन कशाला?”

ड्राइव्हवे ओलांडायचा प्रश्न नशिबाने सुटला. काँक्रीटच्या दोन लाद्यांमधला सांधा नेमका हवा तिथे होता. जुना भराव उकरला, वायर बसवली, वर सिलिकॉन भरलं. नाहीतर काँक्रीट कापायच्या करवतीने काप घ्यावा लागतो.

डबा लावला. हिरवा दिवा लागला. पट्टा हातात धरून मी वायरकडे चालत गेले. वायरपासून सहा फुटांवर बीप वाजला तेव्हा मला पहिली नोकरी लागल्यासारखा आनंद झाला.

मग खिळ्यांवर स्वतःचं मनगट टेकवलं. हे करावं असं कुठल्याच पुस्तिकेत नव्हतं, पण करणं भाग वाटलं. झटक्याची पातळी तीन. इथे हिवाळ्यात गालिच्यावरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो, तशातला, पण लांबलेला. हात आपोआप मागे आला. आई म्हणाली, “दे इकडे.” तिने घेतला, डोळे मिटले, “आई गं” म्हणाली. मग थोडा वेळ मनगट चोळत राहिली. “मला ठाऊक होतं येणार आहे म्हणून. त्याला काय ठाऊक?”

शिकवणीचे दोन आठवडे हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि बहुतेक लोक तोच गाळतात असं नंतर आमच्या पशुवैद्य बाईंनी सांगितलं. वायर पुरली, पट्टा घातला, सोडलं. अशा कुत्र्याला झटका कुठून आला तेच कळत नाही. आम्ही तेवढं तरी चुकलो नाही. वायरच्या कडेने आतल्या अंगाला ५० झेंड्या रोवल्या. घर गणपतीच्या मांडवासारखं दिसायला लागलं. दोन ओळखीच्यांनी विचारलं, घर विकताय का.

पहिले तीन दिवस खिळ्यांवर चिकटपट्टी, म्हणजे नुसता बीप. चिवडा साखळीवर. झेंडीजवळ न्यायचं, बीप वाजला की “परत!” म्हणून साखळी ओढत चटकन आत यायचं आणि आत आला की बक्षीस. बक्षीसखातं सईकडे. पंधरा मिनिटं, दिवसातून तीनदा. चिवडा हुशार. तिसऱ्या दिवशी तो मुद्दाम झेंडीकडे जाऊन बीप वाजवायचा, गर्रकन वळायचा आणि सईपुढे येऊन बसायचा. त्याला वाटलं ही चीजचे तुकडे देणारी घंटा आहे. तेव्हा आम्ही फार हसलो.

चौथ्या दिवशी चिकटपट्टी काढली.

तो नेहमीसारखाच निघाला, शेपूट उभी, मागे वळून सईकडे एक नजर. बीप वाजला. रोजच्यापेक्षा एक पाऊल जास्त टाकलं असेल. त्याने केलेला आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. भुंकणं नाही, रडणं नाही, दारात बोट चिमटावं तसा एकच बारीक उभा आवाज. मग तो माझ्याकडे आला नाही. साखळी ताणून थेट घराकडे, जिन्याखाली. सईच्या हातात चीज तसंच. “आई, तू त्याला फसवलंस,” ती म्हणाली. मी काय बोलणार? त्या दिवशी उरलेल्या दोन शिकवण्या झाल्या नाहीत.

पण हे सगळं चाललं, हेही सांगायला हवं. दहाव्या दिवसापर्यंत तो झेंड्यांपासून दोन हात लांबच फिरायला लागला. पलीकडून गोल्डन आला, चेंडू टाकला, सईने बाहेर उभं राहून हाका मारल्या, तरी हलला नाही. मग साखळी सोडली. मग एक-आड-एक झेंड्या काढल्या. महिन्याने एकही झेंडी नव्हती आणि चिवडा ऑक्टोबरच्या उन्हात, पिवळ्या पानांत, पोट वर करून लोळत होता. साखळी नाही, भिंत नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत कॉफी प्यायचे. तेवढे दोन-तीन आठवडे मी सगळ्यांना हा संच घ्यायला सांगत होते.

एकदाच मानेवर दोन लाल ठिपके उठले. पट्टा आठ-दहा तासांपेक्षा जास्त घालू नये, खिळ्यांनी कातडी दबून जखम होते. एका रात्री काढायचा विसरले होते. सैल ठेवला तर खिळे केसांतच राहतात आणि झटका लागत नाही, घट्ट केला तर ही गत. पट्ट्याखाली एक बोट जाईल इतपत, असं गणित असतं.

नोव्हेंबरात हरीण आलं. इथे संध्याकाळी हरणं येतात, त्यात विशेष काही नाही. पण हे मागच्या ओढ्याकडून धावत आलं आणि अंगणाच्या कोपऱ्यावरून उडी मारून पुढे गेलं. चिवडा त्याच्या मागे. बीप, तो उभा आवाज, आणि तो पलीकडे. वेगात असलं की झटका एक-दोन सेकंदांचा, हरणाच्या वासापुढे तो किती टिकणार.

हरीण गेलं. चिवडा रस्त्याच्या पलीकडच्या हिरवळीवर थांबला, भानावर आला आणि घराकडे वळला. वायरपाशी येऊन थांबला. बीप. मागे सरकला. पुन्हा आला. पुन्हा बीप. घर समोर तीस फुटांवर, दारात आई पोळीचा तुकडा घेऊन “ये रे माझ्या बाळा, ये” म्हणतेय, आणि तो एक पाय उचलून थरथरत उभा. बाहेर जाताना त्याला हरणाने ओढून नेलं होतं. आत यायला तेवढं ओढणारं काही नव्हतं. मी गॅरेजमध्ये धावत जाऊन डब्याचा प्लग उपटला. पण ते त्याला कुठे कळणार होतं? शेवटी मी जाऊन पट्टा काढला, चौदा किलोचं ते धूड उचललं आणि वायरवरून चालत आत आले. वायर ओलांडताना त्याने माझ्या खांद्यात नखं रुतवली.

पशुवैद्य बाईंना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्याच पशुवैद्यांनी मालकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता, तो त्यांनी दाखवला. अदृश्य कुंपणातली ४४ टक्के कुत्री कधी ना कधी निसटलेली, खऱ्या कुंपणातली २३ टक्के. माझी मावसबहीण कार्डिफला असते. तिला फोनवर हे सांगत होते, तर ती म्हणाली, “आमच्याकडे वापरलंस तर गुन्हा आहे.” वेल्समध्ये झटक्याचे पट्टे २०१० पासूनच बंद आहेत, कुंपणाचेसुद्धा. मी थोडी चिडले. तिला म्हटलं, तुमच्याकडे एचओए नाही. हे काही उत्तर नव्हतं.

आणि मग आईची लक्ष्मणरेषा. डिसेंबरातल्या एका दुपारी कुणाचा तरी मोठा काळा कुत्रा, मालकाच्या हातून सुटलेला, सरळ आमच्या अंगणात शिरला. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता, त्याला वायर कुठली. चिवडा मागे मागे सरकत कोपऱ्यात गेला, बीप वाजला आणि तो मध्येच थिजला. पुढे दात, मागे झटका. मी फावडं घेऊन ओरडत गेले म्हणून थोडक्यात निभावलं, कानाला एक ओरखडा. आईने हळद आणली. “मी म्हटलं होतं” असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

पण मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की तो मिनिटाला एकदा बारीक बीप करतो. एका रात्री दोन वाजता तो सुरू झाला. चिवडा सापडेना. सगळं घर पालथं घातलं. न्हाणीघरात, पडद्यामागे, कोरड्या टबमध्ये बसला होता, लाळ गळत होती. पट्टा खुंटीला टांगलेला. मग लक्षात आलं की मायक्रोवेव्हलाही तो उठून जातो. वॉशरलाही. घरातली प्रत्येक वस्तू त्याच्याशी वायरच्या भाषेत बोलत होती. आई जाईपर्यंत, म्हणजे जानेवारीअखेरपर्यंत, रोज मायक्रोवेव्हसमोर उभी राहायची. तीन, दोन, एक दिसला की शून्य व्हायच्या आत दार उघडायची. वरण कधी कोमट राहायचं. तिने हे कुणाला सांगितलं नाही, मी एकदा बघितलं म्हणून कळलं. अलीकडे बऱ्याच पट्ट्यांत बीपऐवजी थरथर निवडता येते. आमच्या स्वस्तातल्या पट्ट्यात ती सोय नव्हती.

एप्रिलमध्ये हिरवळीला हवा द्यायला माणूस आला. त्याचं यंत्र जमिनीतून दोन-तीन इंचांच्या मातीच्या गुळ्या उपटत जातं. वायर दोन इंचांवर. तासाभरात गॅरेजमधला डबा अखंड बोंबलायला लागला आणि चिवडा पुन्हा टबात. तुटलंय कुठे ते शोधायला मधोमध वायर उघडी केली, डब्यापासून तिथपर्यंत तात्पुरती तार ओढून कोणता अर्धा भाग धड आहे ते बघितलं, मग उरलेल्याचा अर्धा. ऑफिसात याला बायनरी सर्च म्हणून पगार मिळतो, इथे गुडघे चिखलात. एक जागा सापडली, जोड दिला, जोडावर जेलची टोपी घातली. दिवा लागेना. आणखी दोन ठिकाणी तुटली होती.

तिसरा जोड मी दिलाच नाही. डबा बंद केला.

एचओएची मंजुरी, दोन महिने म्हणता म्हणता, मे महिन्यात आली. मागच्या बाजूला चार फुटी काळं अॅल्युमिनियमचं कुंपण झालं, घरासमोर अर्थातच नाही. खर्च सांगत नाही, नवरा हे वाचतो. चिवडा आता मागच्या अंगणात कुंपणाला नाक लावून हरणांवर भुंकतो. हरणं बघतात आणि चरत राहतात. संच मी कुणाला दिला नाही, विकलाही नाही, गॅरेजच्या फळीवर पडून आहे. वायर जमिनीतच आहे. ती उपटायची म्हणजे पुन्हा ८११.

संध्याकाळी फिरायला आम्ही पुढच्या दाराने निघतो. गळ्यात साधा कापडी पट्टा, खिळे नसलेला. चिवडा उड्या मारत ड्राइव्हवेवरून चालतो आणि लाद्यांच्या त्या सांध्यापाशी, जिथे सिलिकॉन अजून चकाकतं, थांबतो. डबा बंद होऊन वर्ष झालंय. चीज दाखवून बघितलं, पलीकडे बसून बघितलं, सईने सांध्यावर गालिचा टाकून बघितला. आता मी काही बोलत नाही. खाली वाकते, चौदाचे सोळा किलो झालेत, उचलते, तीन पावलं चालते, पलीकडे ठेवते. तो अंग झटकतो आणि नाक जमिनीला लावून पुढे ओढायला लागतो. येताना पुन्हा तेच.